खडशी की सोनेरी महाशीर? गळ टाकण्याआधी मासा निवडा

गळाने मासेमारी करणाऱ्याच्या मनात महाशीर कधी ना कधी शिरतोच. मग विचारणा सुरू होते: कुठे जाऊ, किती खर्च येईल, रॉड कोणता घेऊ? पुण्या-मुंबईकडच्या मित्रांकडून हे प्रश्न मला वरचेवर येतात आणि प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो, कोणता महाशीर? या नावाखाली ‘टोर’ प्रजातीतल्या बऱ्याच जाती येतात. त्यांचं दिसणं, खाणं, राहायची नदी यात फरक आहे आणि त्या फरकावर तुमची सगळी सहल अवलंबून असते. मासा ठरला की नदी, महिना, सामान आणि बजेट त्याच्या मागून येतं.

आपल्याकडच्या माणसापुढे प्रत्यक्षात दोन पर्याय असतात. एक आपली खडशी, म्हणजे दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री. दुसरा हिमालयातला सोनेरी महाशीर, टोर पुटिटोरा. नर्मदेतला टोर टोर आणि कावेरीतला कुबडा महाशीर यांचाही उल्लेख पुढे येईल, पण त्यांच्यावर गळ टाकायचा सल्ला मी देणार नाही. कारणं त्या त्या जागी सांगतो.

आधी तो महाशीर आहे का, हे बघा

धरणाच्या पाण्यात मोठ्या खवल्यांचा, मिशा असलेला मासा गळाला लागला की लगेच ‘महाशीर लागला’ असे फोटो फिरायला लागतात. त्यातले बरेच सायप्रिनस (कॉमन कार्प) असतात, काही रोहू, काही कोळस. ओळखायची पक्की रीत म्हणजे खवले मोजणं. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत अंगाच्या मध्यावरून एक रेघ जाते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला बारीक छिद्र असतं. महाशीरमध्ये असे खवले साधारण 22 ते 28 भरतात. सायप्रिनसमध्ये ते पस्तिसाच्या पुढे जातात आणि रोहूमध्ये चाळिसाच्या आसपास किंवा वर. कोळशीचे खवलेही महाशीरपेक्षा बारीक असतात. फोटो बाजूने, स्वच्छ आणि पूर्ण लांबीचा घेतलेला असेल तर ही मोजणी घरी बसूनही करता येते. त्यासाठी मासा पाण्याबाहेर ताटकळत ठेवायची गरज नाही.

सायप्रिनसलाही महाशीरसारख्या चार मिशा असतात, म्हणून मिशांवर भरवसा ठेवू नका. त्याचा पाठीवरचा पर लांबलचक असतो आणि त्याच्या काट्याला मागून करवतीसारखे दाते असतात. महाशीरचा पाठीवरचा पर आखूड असतो, काटा जाड पण गुळगुळीत. बोट फिरवलं की लगेच कळतं.

तोंडाकडे नीट पाहा. महाशीरचे ओठ मांसल असतात आणि खालच्या ओठाच्या मागची खाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अखंड जाते. जाळीत, पाण्यातच धरलेल्या खडशीचं तोंड मी जवळून पाहत बसतो. दर श्वासाला वरचा जबडा पुढे सरकतो, तोंडाची नळी होते आणि ती खाली वळते. दगडांच्या फटींतून किडे, शिंपल्या, खेकडे ओढून घ्यायला ही रचना आहे. जबड्यात दात एकही नाही. दात आहेत ते घशात, तीन ओळींत, आणि त्यांच्यात एवढी ताकद असते की शिंपलीचा चुरा होतो. पातळ तारेचा गळ वाकवून सरळ करणं हे त्याच दातांचं काम. दोन्ही जातींना हे लागू आहे, म्हणून गळ घेताना पैसे वाचवू नका.

दोघांतला फरक: डोकं आणि उंची

खडशी आणि सोनेरी शेजारी शेजारी ठेवले तर रंगावरून कुणीही सांगेल असं वाटतं. सोनेरीच्या अंगावर ऊन पडलं की बाजूंचे खवले खरोखर पितळेसारखे उजळतात, पर पिवळसर-तांबूस असतात. खडशीची पाठ निळसर-करडी, बाजू रुपेरी किंवा फिकट सोनेरी आणि पर निळसर. इंग्रजीतही तिला निळ्या परांचा महाशीर असंच ओळखतात. पण रंग पाण्यावर, वयावर आणि ऋतूवर बदलतो. गढूळ धरणातली खडशी मातकट दिसते आणि स्वच्छ, उथळ नदीतल्या खडशीवर चांगली पिवळी झाक येते. ओठांचंही तसंच. काही माशांचे ओठ सुजल्यासारखे जाड आणि लोंबते असतात, काहींचे साधे. एकाच जातीत, एकाच नदीत दोन्ही सापडतात. जुन्या शिकारकथांत जाड ओठांचा महाशीर वेगळा मानलेला दिसतो, तो भेद जातीचा नाही.

भरवशाचं माप आहे डोक्याची लांबी आणि अंगाची उंची यांचं प्रमाण. डोकं मोजायचं तोंडाच्या टोकापासून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंत. उंची मोजायची पाठीवरच्या पराच्या सुरुवातीपासून सरळ खाली पोटापर्यंत. सोनेरी महाशीरमध्ये डोकं उंचीपेक्षा लांब असतं, त्यामुळे मासा लांबट, निमुळता, वेगासाठी बनलेला दिसतो. खडशीमध्ये दोन्ही मापं जवळपास सारखी येतात. नर्मदेतल्या टोर टोरमध्ये डोकं उंचीपेक्षा आखूड असतं आणि अंग भरदार. अंड्यांवर आलेल्या मादीचं पोट सुटलेलं असतं आणि ते मापाला फसवतं, एवढं लक्षात ठेवा.

‘नदी कोणती, यावरूनच मासा ओळखता येईल की,’ असं कुणी म्हणेल. पूर्वी येत असे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात खडशी, हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्सने 1839 साली खडशीचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून, म्हणजे ही जात शास्त्राला कळली तीच आपल्या नदीतून. पण गेल्या पन्नास वर्षांत महाशीरचं बीज, म्हणजे पाण्यात सोडायची पिल्लं, इकडून तिकडे एवढं फिरलं आहे की धरणाच्या पाण्यात ‘इथे हाच असणार’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मोजमाप घ्या आणि मगच नाव द्या.

दोघांचं वर्षाचं वेळापत्रक

तुमच्या तारखा इथे ठरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सोनेरी महाशीर बर्फाच्या पाण्याच्या मोठ्या नदीचा आणि पावसाच्या पाण्याच्या छोट्या नदीचा मिळून उपयोग करतो. हिवाळ्यात वरचं पाणी फार थंड होतं तेव्हा तो खाली, खोल डोहांत उतरतो. वसंतात पाणी तापायला लागलं की वर सरकतो. पावसाळ्यात मुख्य नदी गढूळ आणि थंड असते, त्याच वेळी उपनद्या भरलेल्या आणि उबदार असतात. तेव्हा तो उपनद्यांत शिरून वाळू-गोट्यांवर अंडी घालतो. गढवालमधली नयार ही गंगेची उपनदी अशा चढाईसाठी प्रसिद्ध आहे. पाऊस ओसरला की मासा पुन्हा मोठ्या नदीकडे येतो आणि संगमावर, जिथे निवळ पाणी गढूळ पाण्याला मिळतं, तिथे लहान मासे टिपत थांबतो. म्हणून सोनेरीचे दोन हंगाम: साधारण फेब्रुवारीअखेर ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर.

खडशीला बर्फाशी देणंघेणं नाही. तिचं सगळं वर्ष पावसावर बेतलेलं आहे. जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास ती वाहत्या पाण्यात, खडी असलेल्या ओढ्या-नद्यांत अंडी घालते. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला तिच्या अंड्यांचा आणि पिलांच्या वाढीचा अभ्यास करून 1971 साली तो प्रसिद्ध केला आणि टाटांच्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात कृत्रिम प्रजननाचं तंत्र बसलं. त्या अभ्यासातली एक गोष्ट प्रत्येक गळवाल्याला माहीत असावी. रोहूचं अंडं दिवसाच्या आत फुटतं. खडशीच्या अंड्याला अडीच-तीन दिवस लागतात आणि बाहेर आलेलं पिल्लू पुढचे काही दिवस पोटाशी बलकाची पिशवी घेऊन तळाच्या दगडांत जवळपास निपचित पडून असतं. अंडी मोठी, म्हणून संख्येने कमी. रोहूची मादी लाखांनी अंडी देते, महाशीरची किलोमागे हजारांत. सोनेरीचंही चित्र साधारण असंच आहे. एक मोठी मादी चुलीवर गेली की त्या डोहाचं केवढं नुकसान होतं, ते या आकड्यांवरून कळतं.

उन्हाळ्यात सह्याद्रीच्या नद्या तुटतात आणि खडशी उरलेल्या डोहांत गोळा होते. एप्रिल-मेमध्ये मासा मिळणं सोपं असतं ते याच कारणाने. पाणी गरम, त्यात प्राणवायू कमी आणि मासा कोंडलेला. अशा वेळी सोडून दिलेला मासासुद्धा जगेलच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की खडशीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने घ्यावेत आणि वाहतं पाणी तुटलं की गळ गुंडाळून ठेवावा.

काय खातो, कशावर लागतो

दोघेही मिश्राहारी. खडशी किडे, गोगलगायी, खेकडे, शेवाळ आणि काठावरच्या झाडांची फळं खाते. उंबराची फांदी पाण्यावर आली असेल तर तिच्या खालचा डोह रिकामा नसतो. उंबर किंवा जांभूळ टपकन पडावं तसं आमिष पाण्यात पडलं पाहिजे, ही गरवण्याची जुनी आणि फार सुंदर पद्धत आहे. कावेरीवर नाचणीच्या पिठाचे घट्ट शिजवलेले गोळे वापरत आले आहेत. वाहत्या पाण्यात खडशी छोट्या चमच्यावरही, म्हणजे चमच्याच्या आकाराच्या चकाकत्या नकली आमिषावरही झेपावते.

सोनेरी मोठा होत जातो तसा माशांकडे जास्त वळतो. म्हणून त्याच्यासाठी चमचा, लाकडी किंवा प्लास्टिकचा नकली मासा आणि माशीचा गळ ही हत्यारं. पिठाच्या गोळ्यासाठी हिमालयात जायची गरज नाही. ज्यांना एका जागी बसून वाट बघायला आवडतं त्यांनी खडशी घ्यावी. दिवसभर कंबरभर पाण्यात उभं राहून चमचा फेकायची तयारी आणि गुडघे असतील तर सोनेरी.

गळाला लागल्यावरही दोघं वेगळे वागतात. सोनेरी उतारावरच्या जोरदार धारेत पहिल्या धावेतच रीळ रिकामी करू शकतो. ती धाव अंगाला जाणवणं हाच या सहलीचा सगळा ऐवज आहे. खडशीचं बळ कमी नाही, पण ती कातळाच्या फटीत शिरायला बघते. दख्खनच्या नद्यांचा तळ काळ्या खडकाचा, कपारींचा आणि रांजणखळग्यांचा असतो. दोरी घासून तुटते आणि मासा गळ घेऊन जातो. तेव्हा खडशीसाठी पुढच्या टोकाला घासाला टिकणारी जाड दोरी लावा. सोनेरीसाठी लांब पल्ल्याची ब्रेडेड (विणलेली) दोरी भरपूर भरलेली रीळ हवी.

कुठे जाल आणि कुठे जायचं नाही

सोनेरीसाठी कुमाऊं-गढवाल हा सर्वांत सोयीचा भाग. रामगंगेचा मरचुलाकडचा पट्टा, गंगेवर नयारच्या संगमाजवळचं व्यासघाट आणि नेपाळच्या सीमेवर काली-सरयूच्या संगमाचं पंचेश्वर. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या आत गळ चालत नाही. बाहेरच्या पट्ट्यांत परवाना लागतो, तो तिथला कॅम्पवाला किंवा संबंधित खातं सांगेल. आसामात नामेरीजवळच्या जिया भरलीचंही नाव आहे. तिथलं अंतर आणि हवामान पाहता पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका.

खडशीसाठी महाराष्ट्रातच शोधा. बहुतेक धरणांतल्या मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा संस्थेला विचारल्याशिवाय पाण्यात गळ टाकू नका. संस्थेचे मच्छीमार पाणी ओळखतात आणि नीट विचारलं तर डोह दाखवतात. कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गमध्ये) वालनूरच्या बाजूला कावेरीवर खडशीवर गळ टाकायची जुनी परंपरा आहे. जायच्या आधी त्या वर्षाच्या परवानगीची चौकशी करा.

आणि जिथे मासा देवाचा आहे तिथे गळाचं नाव काढायचं नाही. महाडजवळचा वाळणकोंड, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळचं तिळसे, देहूची इंद्रायणी. वाळणकोंडला कुरमुरे टाकले की मोठाले मासे पाण्यावर येतात आणि पोरं हरखून जातात. सरकारी कागदावर अभयारण्य नसताना गावकऱ्यांनी श्रद्धेने राखलेले हे डोह आहेत. खडशी जवळून, पाण्यात जिवंत पाहून ओळखायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पहिल्या सहलीच्या आधी एक रविवार तिथे घालवा. डोक्याचं आणि उंचीचं प्रमाण, परांचा निळसर रंग, तोंडाची नळी हे सगळं मासे पाण्यावर येऊन वळले की काठावरून दिसतं.

नर्मदेचा टोर टोर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा. धरणांच्या साखळीने त्याचं वाहतं पाणी आटलं आहे आणि त्याची एकूण स्थिती सांगायला पुरेशी माहिती नसल्याची नोंद आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने केली आहे. जिथे मासा किती उरला हेच माहीत नाही, तिथे हौसेखातर गळ टाकू नये असं मला वाटतं.

कावेरीत काय झालं

खडशी निवडा असं मी म्हणतो, तेव्हा खडशीची पिल्लं आपल्या आवडत्या नदीत नेऊन सोडा असं म्हणत नाही. हे दोन्ही एकत्र सांगणं भाग आहे, कारण गळवाल्यांच्या संस्थांना बीज सोडायचा मोह फार होतो.

कावेरीत एक कुबडा महाशीर राहतो. पाठीवर उंचवटा, पर नारिंगी, आणि आकाराने महाशीरांतला सर्वांत मोठा म्हणून गाजलेला. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या शिकाऱ्याने 1946 साली पकडलेला 120 पौंडांचा मासा याच जातीचा मानतात. जगभरचे गळवाले ज्याच्यासाठी यायचे तो हाच. त्याच नदीत लोणावळ्याहून आलेलं खडशीचं बीज सोडलं गेलं. हेतू चांगला होता, मासा वाढावा हा. गळवाल्यांच्या कॅम्पांनी 1998 ते 2012 या काळात लिहून ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी 2015 मध्ये तपासल्या, तेव्हा दिसलं की निळ्या परांची खडशी वाढत गेली आणि कुबडा घटत जवळपास दिसेनासा झाला. 2018 मध्ये त्याची ओळख टोर रेमादेवी या जातीशी जुळली. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत तो संपत आला होता.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर त्यात कुबड्याला ‘टोर मुसल्ला’ म्हटलेलं आढळेल. साइक्सने त्याच 1839 साली घोड नदीतल्या ज्या माशाला हे जातिनाम दिलं तो महाशीर नाहीच, तो कोळशीच्या प्रजातीतला निघाला.

कावेरी अभयारण्यातले कॅम्प 2012 मध्ये गळासाठी बंद झाले. कुबड्यासाठी कुणी गुपचूप घेऊन जातो म्हणालं तर जाऊ नका.

याच संदर्भात आययूसीएनच्या वर्गवारीकडे बघा. सोनेरी महाशीर संकटग्रस्त आहे. खडशी आधी संकटग्रस्त होती, आता ‘किमान चिंता’ या वर्गात आली आहे. त्यात बीज जिकडेतिकडे सोडलं गेल्याचाही वाटा आहे. त्यावरून मुळा-मुठेत खडशी सुखात आहे असा अर्थ कुणी काढू नये. साइक्सला जिथे ती मिळाली त्या पाण्याची आजची अवस्था पुणेकरांना सांगायला नको.

मग निवड कशी कराल

महाशीर कधीच पकडला नसेल, चार दिवसांच्या वर सुट्टी नसेल आणि मासा समजून घ्यायची खरी ओढ असेल, तर खडशी. एकाच पाण्यावर पुन्हा पुन्हा जाता येतं आणि त्या पाण्याचे महिने अंगात मुरतात. सामान हलकं चालतं, खर्च कमी. मोठ्या आकाराची अपेक्षा मात्र ठेवू नका. दोन-तीन किलोंची खडशी हा आपल्याकडे आजच्या घडीला चांगला मासा आहे.

वाहत्या, पांढऱ्या पाण्यातला जोर हवा असेल, चमचा फेकायचा हात बसलेला असेल आणि आठवडाभर रिकाम्या हाती परतायची तयारी असेल, तर सोनेरी. त्यातही मी ऑक्टोबरऐवजी मार्च-एप्रिल घेईन. ऑक्टोबरातला मासा अंडी घालून थकून परतलेला असतो आणि पाऊस लांबला तर नदी निवळतही नाही.

दोन्हीकडे एकेरी, बिनकाट्याचा (टोकामागे उलटा दात नसलेला) गळ वापरा. चमच्याचा तीन आकड्यांचा गळ घरीच काढून टाका. रबरी जाळी न्या, म्हणजे खवले निघत नाहीत. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून गळ सोडवा, उचललात तर दोन्ही हात ओले करून पोटाखालून आधार द्या आणि फोटो एका श्वासात उरका. मग धारेकडे तोंड करून त्याला धरून ठेवा. कल्ले एका लयीत उघडमीट करू लागले आणि शेपटीने तुमचा हात झटकला की सोडा. त्याआधी सोडलेला मासा उलटा होऊन खाली वाहत जातो.